सिक्स-सीटरचा आवाज

माझा आवाज मोठा आहे. मी कानात बोललो तरी समोरच्या बिल्डिंगमधला माणूस खिडकीत येतो. ह्यात माझा दोष नाही, धंद्याचा आहे. मी सिक्स-सीटर चालवायचो, पनवेल ते उरण. स्टँडच्या बाहेर सगळे ड्रायव्हर एकाच वेळी ओरडत असतात. तिथं गोड बोलणाऱ्याच्या गाडीत माशीसुद्धा बसत नाही. म्हणून आम्ही गावाचं नाव तीनदा घ्यायचो. "उरण उरण उरण! चला, सरकून बसा, आत जागा हाय!" एकदा म्हटलं तर पॅसेंजरला ऐकूच जात नाही. दुसऱ्यांदा म्हटलं तर त्याला वाटतं, शेजारच्याला बोलतोय. तिसऱ्यांदा म्हटलं की तो पाय उचलतो. आत जागा असतेच असं नाही, ते बसल्यावर बघायचं.

गाडी भंगारात गेली. आवाज राहिला.

आमचं गाव विमानतळात गेलं. बदल्यात करंजाड्याला प्लॉट मिळाला, त्यावर बिल्डिंग उभी केली. खाली खांबांवर मोकळी पार्किंग, वर भाडेकरू, तिसऱ्या मजल्यावर मी आणि बायको. गाव गेलं त्याचं मी फार बोलत नाही. आमच्या चुलीच्या जागी आता धावपट्टी आहे की विमानाचा संडास, ते मला कोणी सांगितलं नाही, आणि मी विचारलंही नाही.

गावात असताना माझी एक पद्धत होती. गाडी समाजमंदिरापाशी लावली की तिथनंच हाळी द्यायची, "आगो, चा टाक!" घरापर्यंत चालत जाऊन पाय धुवेपर्यंत चहाला उकळी आलेली असायची. करंजाड्याला आल्यावरही तेच. गेटमधनं हाळी, जिने चढेपर्यंत चहा. पुढं माझे गुडघे धरले, जिने चढायला वेळ लागू लागला, तर तिनं मुकाट्यानं गॅस बारीक ठेवायला सुरुवात केली. दुसऱ्या मजल्यावर दादरहून आलेले एक ऑफिसवाले भाडेकरू आहेत. ते एकदा जिन्यात अगदी नम्रपणे म्हणाले, "काका, एक मिस्ड कॉल दिलात तरी काकूंना कळेल ना."

बायको वरनं ऐकत होती. म्हणाली, "मिस कॉलवरनं काय समजनार, ह्यो दमून आलाय का भांडून आलाय? दमला आसल तर साकर जास्ती घालाची आसते."

ती गेली. त्याला एक दिवाळी होऊन गेली. दुखणं लहान आहे, लहान आहे म्हणत मोठं झालं, बाकी सांगण्यासारखं काही नाही. तेव्हापासून मी चहा पुलाखालच्या टपरीवर पितो. गेटमधनं आत येताना तोंड मिटून येतो.

पहिल्या मजल्यावर अफगाणी कुटुंब राहतं. ते माझं पुण्य नाही, बायकोचं काम. एजंट त्यांना घेऊन आला तेव्हा मी सरळ नाही म्हटलं होतं. मुलूख कुठला, भाषा कुठली, कागद कसले. बायकोनं जिन्यात उभ्या असलेल्या त्या बाईकडं बघितलं, तिच्या कडेवरचं पोर बघितलं, आणि मला सगळ्यांसमोर म्हणाली, "ठेव त्यांना. आपल्यालाबी उठवलंय." विषय संपला. पेपरात त्यांना निर्वासित म्हणतात, आम्हाला प्रकल्पग्रस्त म्हणतात. दोन्ही शब्द दातात अडकतात.

बाप वाशीच्या मार्केटात, सुक्या मेव्याच्या गोडाउनमध्ये बदाम निवडतो. माणूस दारात उभा राहिला की दार दिसत नाही एवढा. मला "काका जान" म्हणतो. मी सांगून बघितलं, जान-बिन म्हणू नकोस, लोक बघतात, पण ऐकत नाही. त्याच्या बायकोचं आणि माझ्या बायकोचं बोलणं चालायचं ते भाकरीत. ही वर तांदळाची भाकरी करून खाली धाडायची, ती नान भाजून वर पाठवायची. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता, आणि एकदाही भांडण झालं नाही. मी आणि माझा भाऊ एकच भाषा बोलतो, तरी कोर्टात आहोत.

नान घेऊन वर यायची ती त्यांची मोठी पोरगी. अकरा वर्षांची. तिच्या पाठीवर सहा वर्षांचा भाऊ आणि मग कडेवरचं. तिकडं ती जेमतेम पहिलीत गेली होती तेव्हा ह्यांनी देश सोडला. मग दिल्ली, मग इथं. हिंदी फाडफाड बोलायची, पण वाचायला यायची ती तिच्या मुलखाची लिपी, तीही अर्धी.

आमच्या जवळची फुकटची शाळा मराठी. बाप कामावर, आईला भाषा नाही, म्हणून पोरांना घेऊन मी गेलो. हेडबाई चांगल्या होत्या हे आधीच सांगतो, कारण मी त्यांच्याशी भांडलो. त्या म्हणाल्या, "प्रवेश दोघांनाही देते. मुलगा पहिलीत. मुलीचं वय पाचवीचं आहे, पण तिला एक अक्षर ओळखता येत नाही. पाचवीत नुसती भिंतीला टेकवून बसवू का? सुट्टी संपली की आणा. मराठीचं एक पान वाचून दाखवलं तर पाचवीत, तिच्या वयाच्या मुलींमध्ये. नाही तर आधी पहिलीच्या बाईंकडे अक्षरं गिरवू दे."

"म्हंजे भावाच्या बाकावर?"

"काही दिवस."

"बाई, तुमी काय जन्मतानाच हेडबाई झाल्या व्हत्या?"

हे मी माझ्या मते हळू म्हटलं होतं. शेजारच्या वर्गातली पोरं हसली. हेडबाई म्हणाल्या, "आजोबा, पुढच्या वेळी मुलीला आणा. तुम्ही नाही आलात तरी चालेल."

पोरगी गेटपाशी आल्यावर म्हणाली, "छोटे के साथ नहीं बैठूँगी. घर पे रहूँगी." घरात जाऊन आईलाही तेच सांगितलं, आणि आईनं कडेवरचं पोर तिच्या मांडीवर दिलं. रागानं नाही. घरात एक हात जास्त मिळाला, एवढंच. मला तेव्हाच दिसलं, ही आता घरी बसली की कायमची बसली.

त्याच सुमाराला एका संस्थेची तरुण मुलगी आमच्याकडं यायला लागली. वाशीला राहायची, पाठीवर बॅग, बॅगेत लोकांनी दिलेले जुने मोबाईल. अशा बाहेरून आलेल्या पोरांना मोबाईलवर खेळ देऊन लिहायला-वाचायला शिकवायचं, हे तिचं काम. मी म्हटलं, खेळून कोण शिकलं असतं तर आमच्या गावातले पत्ते पिसणारे सगळे वकील झाले असते. ती हसली आणि माझ्या पार्किंगमध्ये चटई टाकून बसली. परवानगी कोणी दिली, असं मी विचारलं तर म्हणाली, "तुम्हीच 'बगू' म्हणालात." आमची पोरं, आणि मागच्या गल्लीत राहणाऱ्या आणखी दोन अफगाणी घरांतली, अशी सगळी त्या चटईवर. दुपारभर टिंग टिंग टुंग.

मी तिसऱ्या मजल्यावरनं ओरडलो, "ए! आवाज बंद करा, नायतर सगले मोबाईल टाकीत बुडवीन!"

ती मुलगी धावत वर आली. मला वाटलं, माफी मागायला.

"आजोबा, काय क्लिअर आवाज आहे तुमचा! आमच्या खेळाला मराठीचा आवाजच नाहीये हो. अक्षर दिसतं, पण म्हणायचं कसं ते मुलांना कळत नाही. मी माझा घालून बघितला, रस्त्यावरच्या डंपरपुढं ऐकूच येत नाही. तुम्ही द्याल?"

माझा आवाज बंद करा म्हणणारे जन्मभर भेटले. मागणारी ही पहिलीच. मी म्हटलं, "बगू."

तिनं मला कागदावर लिहून दिलं. आधी अक्षरं, मग शब्द, मग पोर चुकलं की "पुन्हा प्रयत्न करूया", बरोबर आलं की "छान", आणि सगळ्यात शेवटी, एक टप्पा पुरा झाला की "शाब्बास". मोबाईलचं लाल बटण दाबून दिलं आणि म्हणाली, "गोधडी डोक्यावरून घ्या, म्हणजे बाहेरचा आवाज आत येणार नाही. मी खाली मुलांना बघते."

एप्रिल महिना, दुपारची वेळ आणि डोक्यावर गोधडी. आत बसून सुरू केलं. साध्या आवाजात एकदाच म्हणायला गेलो, जमेना. तोंडाला वळण धंद्याचं. "क क क! कमल कमल कमल! ख ख ख! खटारा खटारा खटारा!" ख खडूचा असं कागदावर होतं, पण खटारा माझ्या जास्त ओळखीचा. पुढं आलं "पुन्हा प्रयत्न करूया". असं जगात कोण कोणाला म्हणतं? मी म्हटलं, "चुकला! उतर खाली!" छानच्या जागी म्हटलं, "आत ये, सरकून बस!" राहिलं शाब्बास. ते मी कधी कोणाला म्हटलेलं नाही. माझी मुलगी सारसोळ्याला दिली आहे, तिला विचारा, दहावी पास झाली तेव्हा मी "बरं" म्हटलं होतं. तोंड उघडलं, पण शब्द निघेना. घसा कोरडा पडलेला, पाठ भिजलेली. म्हटलं, राहू दे. गोधडी भिरकावली, आणि तोंडातनं आपोआप निघालं, "आगो, चा टाक!"

मग आठवलं. चप्पल घातली आणि टपरीवर गेलो. लाल बटण चालूच होतं ते मला काय माहीत.

संस्थेच्या मुलीनं रात्रीत त्या आवाजाचे तुकडे पाडले आणि खेळात घातले. मशीननं काय केलं, कागदावर जो क्रम होता त्याच क्रमानं आवाज लावून घेतले. शेवटी शाब्बास असणार, म्हणून जे शेवटी होतं तेच शाब्बास समजून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी खाली खांबाला टेकून उभा होतो. सहा वर्षांच्या त्या पोरानं पहिला टप्पा पुरा केला. पडद्यावर फुगे फुटले, आणि मोबाईल माझ्या आवाजात ओरडला, "आगो, चा टाक!"

पार्किंग रिकामी, खांबच खांब. आवाज असा घुमला की वरच्या खिडक्या उघडल्या. दादरवाले गॅलरीत आले. त्यांच्या बायकोनं तोंडावर हात ठेवला. त्यांना काय वाटलं असेल ते मी विचारलं नाही, कारण मलाही तेच वाटलं होतं.

पोरांना काय त्याचं! त्यांना वाटलं, जिंकलं की मराठीत असंच म्हणतात. सगळी चटई उड्या मारायला लागली. "आगो, चा टाक! आगो, चा टाक!"

संस्थेची मुलगी जिन्यात मला गाठून रडवेली झाली. "आजोबा, सॉरी हो. मी ऐकलंच नाही नीट. ते आजींना म्हणत होतात ना?"

"मग काय तुला?"

"मी काढते ते."

"काढ."

पण ते तिच्या हातात नव्हतं. ऑफिसातला इंजिनियर काढणार, मग अपडेट येणार. मी विचारलं, कधी? म्हणाली, लवकर. मी पुनर्वसनवाल्यांचं लवकर बघितलेला माणूस.

महिनाभरात बिल्डिंगची भाषाच फिरली. जिन्यात दोन पोरं आडवी आली की "सरकून बस!" कोणाच्या हातनं दूध सांडलं की "चुकला! उतर खाली!" एक दिवस तो धिप्पाड बाप माझ्या दारात, तोंड एवढंसं. "काका जान, मैं मेथी की जगह पालक ले आया. मेरा बेटा बोलता है, उतर खाली. ये मुझे घर से निकालता है क्या?"

मी म्हटलं, "नाय. बायको काय बोलली?"

"वो भी यही बोली."

पोरगी मात्र आधी चटईवर यायलाच तयार नव्हती. लहान पोरांचा खेळ म्हणून. पण भाऊ जिंकून ओरडायला लागला ते तिला सहन होईना. बाळाला मांडीवर घेऊनच बसली. एका हातानं बाळ, एका बोटानं खेळ. अक्षरं तिनं भराभर उचलली. शब्दांना आली आणि अडकली. खेळात रिकामे चौकोन असायचे, मोबाईल ओरडणार "नळ नळ नळ!", आणि चौकोनात अक्षरं ओढून आणायची. ती न आणून उजवीकडच्या चौकोनात ठेवायची. ळ डावीकडं. मोबाईल ओरडायचा, "चुकला! उतर खाली!" परत तेच. परत उतर खाली. शेवटी ती मोबाईलशी भांडायला लागली, आणि मोबाईल ऐकेना म्हणून माझ्याशी.

"आपका फोन झूठा है. पहले न, फिर ळ. सही तो है!"

मला कळेना. संस्थेच्या मुलीला विचारलं तर ती कपाळाला हात लावून म्हणाली, त्यांची लिपी उजवीकडून सुरू होते. म्हणजे पोरगी बरोबर होती, फक्त गाडीत उलट्या बाजूनं चढत होती. मग मी चटईवर बसलो. बसायला सोपं गेलं, उठायला दोघं लागले, पण ते नंतर.

"हे बग. ही माजी सिक्स-सीटर. दरवाजा कुठं? डावीकडं. उजवीकडनं चढला तर मागचा ट्रक उडवील. पयला पॅसेंजर डावीकडनं. मग दुसरा, त्याच्या बाजूला. सरकून."

तिनं न डावीकडं नेला. ळ त्याच्या बाजूला. "आत ये, सरकून बस!"

त्या दिवसापासनं आम्ही दोघं रोज बसायचो. काना म्हणजे दांडा धरून उभा राहिलेला पॅसेंजर. मात्रा म्हणजे टपावर बसलेला. उकार म्हणजे मागं खाली लटकलेला, जो भाडं बुडवतो. जोडाक्षराला तिनं स्वतःच नाव ठेवलं, "एक सीट पे दो." संस्थेची मुलगी म्हणाली, "आजोबा, आमच्या ट्रेनिंगमध्ये असं काही नव्हतं." मी म्हटलं, तुमच्या ट्रेनिंगमध्ये उरणला गाडी जात नसणार.

एक संध्याकाळ अशी आली की माझा गुडघा सुजलेला, खाली गेलो नाही. स्वयंपाकघरातल्या स्टुलावर पाय पसरून बसलो होतो. खालनं आवाज आला, "आगो, चा टाक!" मोबाईलमधला, माझा. तीन मजले चढून, जिन्याच्या भिंतींना आपटत वर येतो तो आवाज कसा लागतो, हे मी पहिल्यांदा ऐकलं. मी कायम खालीच असायचो ना. वरनं बरा वाटला. माणूस आला एवढं तरी कळतं. दमून आला का भांडून आला, ते मात्र मला काही ओळखता आलं नाही. ती कशी ओळखायची देव जाणे.

थोड्या वेळानं परत, "आगो, चा टाक!" मग परत. खाली कोणाचा तरी हात चांगला चालला होता. तिसऱ्या हाळीला मी उठलो. पॅसेंजरचंही तसंच असतं. गॅस पेटवला, पातेलं शोधलं, चहा टाकला. दूध उतू गेलं, ओटा भरला. प्यायला तेव्हा चव काही लागेना. काहीतरी कमी होतं, काय ते कळेना. तरी सगळा प्यायलो. आपणच ओरडायचं आणि आपणच टाकायचा, असा चहा.

शाळा उघडायला थोडे दिवस राहिले आणि तेवढ्यात अपडेट आलं. म्हणजे खरंच आलं. संस्थेची मुलगी खुशीत मला दाखवायला लागली. खेळ जिंकला की आता कोणीतरी बाई गोड आवाजात म्हणायची, "शाब्बास! खूपच छान!" बाकीचा आवाज माझाच.

सहा वर्षांच्या पोरानं मोबाईल उलटा करून मागं बघितलं, मी कुठं गेलो म्हणून. मग एकेकानं मोबाईल खाली ठेवले. पोरगी तर उठून जायलाच लागली. शाळेच्या तोंडावर!

मी ओरडलो, "बस खाली! काय झालं?"

"ये अच्छा नहीं है."

"का? गोड बोलते की बाई."

तिनं वर तिसऱ्या मजल्याकडं बोट केलं. "इसमें अम्मा को कोई नहीं बुलाता."

म्हणजे तिला माहीत होतं. बाकीच्या पोरांना ती नुसती जिंकल्याची आरोळी होती, पण ही नान घेऊन वर यायची, हिनं कितीदा खालनं माझी हाळी ऐकली असणार आणि वर चहा उकळताना बघितला असणार. एवढे दिवस तिनं मला काही विचारलं नव्हतं.

संस्थेची मुलगी माझ्याकडं बघायला लागली. मी खिशातनं रुमाल काढला, पार्किंगमध्ये धूळ फार असते. म्हटलं, "तुझ्या इंजिनियरला सांग, चुकला. उतर खाली."

ह्या वेळी मात्र लवकर म्हणजे लवकर झालं. मला वाटतं, नवीन घालायला वेळ लागतो, जुनं परत आणायला नाही. आमच्या गावाच्या बाबतीत कोणी प्रयत्न केला नाही, नाहीतर कळलं असतं.

शाळा उघडायच्या दिवशी पोरगी सकाळी वर आली. केस घट्ट बांधलेले, नवीन वही. मी तिला एकच सांगितलं, "चढायचं डावीकडनं." मी जाणार नव्हतो. हेडबाईंनी सांगितलंच होतं, आणि मी गेलो असतो तर एक पान वाचायच्या जागी दोन वाचायला लागली असती. संस्थेची मुलगी तिला आणि भावाला घेऊन गेली. जिन्यात पोरगी मागं वळून मला म्हणाली, "बाबाजान, पाँचवीं मिली तो नीचे से आवाज दूँगी. नहीं मिली तो चुपचाप घर में जाऊँगी. आप पूछना मत."

मी म्हटलं, "बरं."

मग मी स्वयंपाकघरात स्टुलावर बसलो. ह्यापेक्षा स्टँडवर उन्हात गाडी भरायची वाट बघणं बरं. पातेल्यात पाणी घालून ठेवलं. मग वाटलं, हे अपशकुनी दिसेल, पाणी ओतून टाकलं. परत भरलं. खाली गेट वाजलं, खिडकीपाशी गेलो, तर दूधवाला. परत वाजलं, तर दादरवाले. मी वरनं विचारलं, "पोरगी दिसली काय?" ते म्हणाले, "काका, एवढ्यात? शाळेची घंटा आत्ता झाली." पहिल्या मजल्यावर आई दार उघडं ठेवून बसली होती. बाळ रडत होतं, ती त्याला उचलत नव्हती.

गेट वाजलं तेव्हा मी नेमका नळाशी होतो. पावलांचा आवाज आला. पार्किंगमधनं जिन्याकडं. गप्प पावलं. मी हातातलं पातेलं ओट्यावर ठेवलं. हेडबाईंना काय काय बोलायचं ते डोक्यात सुरू झालं, आणि ते इथं लिहिण्यासारखं नाही.

मग खालनं हाळी आली. मोबाईलची नाही. बारीक, चिरकी, पण तीन मजले चढून आली. "आगो! चा टाक! चा टाक! चा टाक!"

तीनदा. पॅसेंजर उठलाच पाहिजे.

सगळी वरच आली. पोरगी, भाऊ, बाळाला घेऊन आई, मागनं धापा टाकत संस्थेची मुलगी. मी म्हटलं, "हाळी द्यायला एवढा वेल का लावला?"

पोरगी म्हणाली, "साँस भर रही थी."

संस्थेच्या मुलीनं सगळं सांगितलं. हेडबाईंनी पान दिलं, एका मुलीच्या शेळीचा धडा होता. पोरगी ताठ उभी राहिली आणि म्हणाली, "शेळी शेळी शेळी!" हेडबाई म्हणाल्या, "एकदाच वाच बाळ, मला ऐकू येतं." मग तिनं बोट डावीकडनं लावत हळूहळू सगळं पान वाचलं. 'रस्त्यात'ला अडली, स्वतःशी पुटपुटली, "एक सीट पे दो," आणि पुढं गेली. शेवटच्या ओळीचा शेवटचा शब्द संपला आणि सवयीनं हेडबाईंच्या तोंडावर ओरडली, "आगो, चा टाक!"

ऑफिसच्या दारातल्या शिपायाला वाटलं बाईंनीच सांगितलं, तो खरंच चहा आणायला गेला. हेडबाईंनी पोरीकडं बघितलं, मग संस्थेच्या मुलीकडं. म्हणाल्या, "हे त्या आजोबांकडनं आलंय ना?"

"हो."

"पाचवी अ. आणि वर्गात हळू बोलायचं."

मी तेवढ्यात चहा गाळला. कप पुरेनात, दोन वाट्या घेतल्या. पोरगी ओट्याला टेकून उभी होती, बायको उभी राहायची त्याच जागी. तिनं फुंकर मारली, एक घोट घेतला, आणि तोंड वाकडं केलं.

"चुकला! उतर खाली!"

"का गो? साकर जास्ती घातलीय. दमून आलीस म्हनून."

"अम्मा इसमें घास डालती थी."

पाती! गवती चहाची पात. ती बायको टाकायची आणि मी प्यायचो, मला कुठं आठवायला. कुंडी गॅलरीत होतीच. तांदूळ धुतलेलं पाणी मी तिच्यात ओतायचो, तेवढ्यावर गवत गुडघ्याएवढं वाढलं होतं. कापायचं कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. पोरगी गेली, हाताला कापतं तरी दोन पाती तोडून आणल्या, गाठ मारली, आणि पातेल्यापाशी माझ्या हातात दिल्या.

मी काही खाली उतरलो नाही. ओट्यावरच्या सगळ्या कपांमधला चहा परत पातेल्यात ओतला, वर पाणी वाढवलं, गॅस बारीक केला आणि त्यांना म्हटलं, "सरकून बसा. वेल लागंल."